न लावलेला अभिप्राय

त्यांना सगळे पोस्टमास्तर म्हणत, पण पोस्टमास्तर ते कधीच नव्हते. छत्तीस वर्षं त्यांनी टपाल कचेरीच्या तळघरात पत्रं वेगळी करायचं काम केलं. ज्या पाकिटावरचा पत्ता कुणालाच लागत नसे, ते पाकीट फिरत फिरत शेवटी त्यांच्या टेबलावर यायचं. पोस्टमास्तर ते दिव्याखाली तिरकं धरायचे, ओठ हलवत दोनदा वाचायचे आणि बरोबर खणात टाकायचे. डॉक्टरांचं अक्षर असो, दारुड्याचं असो की नुकतंच लिहायला शिकलेल्या पोराचं, त्यांनी कधी कुणापुढे हात टेकले नाहीत.

निवृत्त झाल्यावर हीच करामत त्यांच्या कामी आली. गावातल्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक चित्रपट मंडळ होतं. दर शनिवारी दुपारी चार वाजता नव्वद खुर्च्यांच्या दालनात देशोदेशीचे सिनेमे लागायचे, आणि सिनेमा संपला की प्रेक्षकांनी एका कार्डावर आपला अभिप्राय लिहून दाराशी ठेवलेल्या पेटीत टाकायचा, अशी तिथली पद्धत होती. पोस्टमास्तरांचं काम म्हणजे तिकिटं फाडायची, उशिरा येणाऱ्यांना बॅटरीच्या उजेडात जागा दाखवायची, आणि रविवारी सगळे अभिप्राय नीट टाइप करून जिन्याजवळच्या फलकावर लावायचे. चिटणीसबाई म्हणायच्या, "तुम्ही आलात आणि लोकांना कळलं तरी की आपण काय लिहिलं होतं."

घरी ते आणि त्यांची बायको, दोघंच. बायको कपडे दुरुस्त करायची. सैल झालेलं आत घ्यायची, घट्ट झालेलं उसवून सैल करायची, कोटांची अस्तरं बदलायची. खिडकीपाशी तिचं मशीन होतं आणि दिवसभर त्याची घरघर चालायची. मुलगी लग्न होऊन त्याच गावात राहायची, प्राथमिक शाळेत शिकवायची. पोस्टमास्तर मवाळ माणूस. घरात आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. झुरळ दिसलं तरी कागदाच्या तुकड्यावर घेऊन खिडकीबाहेर सोडणारा हा गृहस्थ.

आणि हाच गृहस्थ गेले पाच महिने झोपेला भीत होता.

सुरुवात हसण्यावारी गेली होती. एका पहाटे त्यांना स्वप्न पडलं की तळघरातल्या टेबलाखाली एक कुत्रा शिरलाय आणि टपालाची पिशवी दातात धरून ओढतोय. त्यांनी कुत्र्याला लाथ घातली. जागे झाले तर बायको खाटेवरून खाली पडून जमिनीवर बसलेली, मांडी चोळत. "कुत्रा गेला का?" तिने विचारलं, आणि दोघं हसून हसून बेजार झाली. पुढच्या महिन्यात त्यांनी भिंतीवर गुद्दा हाणला आणि बोटांची सालटं निघाली. मग एकदा बायकोच्या खांद्यावर कोपर बसलं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. तिने मधे दोन उशा आडव्या लावल्या. उशा पुरेनात तेव्हा त्यांनी शिलाईच्या कपाटातली जाड नाडी घेतली आणि आपलं उजवं मनगट खाटेच्या पायाला बांधून घेतलं. सकाळी नाडी तुटलेली होती. त्यांना काहीही आठवत नव्हतं.

"तुम्ही मला मारत नाही हो," बायको म्हणायची. "तुम्ही दुसऱ्याच कुणाला तरी मारता."

"पण लागतं तुला."

"मग मी काय करू, त्याला लागायला हवं होतं म्हणून त्याच्याकडे तक्रार घेऊन जाऊ?"

तिचं हे असं. पण तीही आताशा भिंतीकडे पाठ करून, अंग चोरून झोपायची. पोस्टमास्तरांना ते दिसत होतं. दिवेलागण झाली की ते काहीतरी काम काढून झोपायची वेळ पुढे ढकलायचे. कुणाला सांगावं तर काय सांगावं? मी झोपेत बायकोला मारतो. हे वाक्य कुठल्या तोंडाने बोलायचं, आणि ऐकणारा त्यातला 'झोपेत' हा शब्द धरणार की सोडून देणार?

अशात मंडळात तो जपानी सिनेमा लागला. चितारलेला सिनेमा होता, खाली अक्षरं सरकत होती. एका बंदरगावात एक बाई लोकांच्या उशा धुण्याचं काम करते. उशीत साचलेली स्वप्नं पाण्याबरोबर निघून जातात आणि गाव शांत झोपतं. एकदा तिच्या हौदाला भोक पडतं, आणि धुतलेली स्वप्नं गटारातून रस्त्यावर येतात. जिन्यावरून मासे चढायला लागतात. शाळेची घंटा झाडासारखी वाढते. एका म्हाताऱ्याची मेलेली आई लहान मुलगी होऊन त्याच्या दारात उभी राहते. कशाचाच कशाला धरबंध नव्हता, पण रंग असे की डोळे मिटवत नव्हते. दालन भरलं होतं. पोस्टमास्तर नेहमीसारखे दाराशी भिंतीला टेकून उभे होते.

मध्यावर एक बेकरीवाला आला. जाडा, गोल चेहऱ्याचा. तो झोपेतच उठतो, डोळे मिटलेले, आणि खोलीत शिरलेल्या माशांशी मारामारी करायला लागतो. टेबल उलटतं, पिठाचं पोतं फुटतं, त्याची बायको लाटणं डोक्यावर धरून कपाटात लपते. लोक खो खो हसले. पुढच्या रांगेतला एकजण तर गुडघ्यावर थापा मारत होता.

पोस्टमास्तरांनी बॅटरी दोन्ही हातांनी धरली. पडद्यावर बेकरीवाल्याचा हात उगारलेला होता आणि कपाटाच्या फटीतून त्याच्या बायकोचा एक डोळा दिसत होता. त्यांना तो डोळा ओळखीचा वाटला. त्यांनी तोंड फिरवलं आणि पुढचा अर्धा तास पडद्याऐवजी दाराच्या कडीकडे बघत काढला.

रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या छोट्या खोलीत ते पेटी उघडून बसले. चौसष्ट कार्डं होती. इतकी कधीच नसायची. एकाने लिहिलं होतं, "काहीही कळलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा लावा." दुसऱ्याने, "माझ्या शेजारचे गृहस्थ पहिल्या पाच मिनिटांत झोपले आणि शेवटी जागे झाले. त्यांनाच सिनेमा खरा कळला असावा." एका चित्रकलेच्या शिक्षिकेने निळ्या रंगाबद्दल कार्डाच्या दोन्ही बाजू भरून काढल्या होत्या. कुणी रागावलं होतं: "माणसांना कामधंदा आहे. गोष्ट सांगायची तर सरळ सांगावी." एका म्हाताऱ्या अक्षरातल्या कार्डावर एवढंच होतं, "आई लहान होऊन आली तिथे मी रडलो. धन्यवाद." आणि निदान दहाजणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच लिहिलं होतं, की स्वप्नं अशी खरोखर घरात उतरली तर काय बहार येईल.

बहार, पोस्टमास्तरांनी टाइप केलं, आणि पुढचं कार्ड उचललं.

काळ्या शाईतलं, दाबून लिहिलेलं, स्वच्छ अक्षर होतं. "बेकरीवाला झोपेत मारामारी करतो तिथे सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझ्या नवऱ्याचं असंच होतं. सात वर्षं आम्ही कुणाला सांगितलं नाही, लोक काय म्हणतील म्हणून. तो वाईट माणूस नव्हता. तो आजार होता आणि त्याला औषध होतं. आम्ही उशीर केला. इथे बसलेल्या कुणाच्या घरी हे चालू असेल तर लपवू नका."

त्यांनी ते दोनदा वाचलं, ओठ हलवत. मग उठून खोलीचं दार लावलं. कुणी आलं नव्हतं, येणारही नव्हतं, तरी लावलं. आजार. या शब्दाने त्यांना क्षणभर बरं वाटलं, मोकळं वाटलं. पण त्याच्या पाठोपाठ 'उशीर केला' होतं. कशाला उशीर केला? उशीर केल्यावर काय झालं? आणि हे कार्ड फलकावर लागलं, बायकोच्या ओळखीच्या कुणी वाचलं, मग तिचा खांदा आठवला, तर? विचारांना पाय फुटले. त्यांनी कार्डाची दुमडून घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. फलकावर त्या दिवशी त्रेसष्ट अभिप्राय लागले. कुणी मोजले नाहीत.

बायकोलाही त्यांनी सांगितलं नाही. सांगू, जरा विचार करू, मग सांगू, असं म्हणत सोमवार गेला, मंगळवार गेला.

बुधवारी उजाडता उजाडता त्यांना स्वप्न पडलं की तीन माणसं बायकोला ओढत एका ट्रककडे नेताहेत. तिच्या पायातली एक चप्पल रस्त्यावर पडली आहे. पोस्टमास्तर धावले. आयुष्यात कधी धावले नव्हते असे धावले, आणि त्यातल्या एकाचं मनगट त्यांनी दोन्ही हातांनी धरून सगळ्या ताकदीनिशी पिरगाळलं. सोडणार नव्हते. त्या माणसाने किंकाळी फोडली, आणि किंकाळी बायकोच्या आवाजात होती.

"अहो, मी आहे. अहो, मी आहे. सोडा, मी आहे."

खिडकीत उजेड आला होता. बायको खाटेच्या कडेला वाकून बसली होती, उजवा हात पोटाशी धरून.

"कोण होतं?" तिने दात आवळून विचारलं.

"तुला ओढून नेत होते," ते म्हणाले, आणि ऐकता ऐकता ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

मनगटाला बारीक तडा गेला होता. हाडांच्या दवाखान्यात तिनेच सांगून टाकलं, न्हाणीघरात पाय घसरला. डॉक्टरांनी फोटो दिव्यावर धरला, तिच्या हाताकडे बघितलं, मग एकदा पोस्टमास्तरांकडे बघितलं आणि प्लास्टर घातलं. पाच आठवडे. घरी आल्यावर पोस्टमास्तरांनी मशीनवर झाकण घातलं. दोन कोट आणि एक परकर तसेच पडून होते. त्या दिवसापासून ते बाहेरच्या खोलीत, जमिनीवर, दाराला बाहेरून कडी लावून घेऊन झोपायला लागले. कडी बायको डाव्या हाताने लावायची, आणि ती लावताना दोघंही एकमेकांकडे बघत नसत.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मुलगी आली. प्लास्टर बघून तिने आधी आईला विचारलं, काय झालं, कधी झालं, मला का नाही कळवलं. आईने न्हाणीघराची गोष्ट सांगितली. मुलीने शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाली, "खांदा दाखव बघू."

"खांद्याला काय झालंय?"

"मागच्या महिन्यात तू हात वर करून परात काढत नव्हतीस. दाखव."

आईने दाखवला नाही. मुलगी उठली, बाहेरच्या खोलीत आली. कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेलं अंथरूण तिने बघितलं, दाराच्या बाहेरच्या बाजूची नवी कडी बघितली. पोस्टमास्तर खुर्चीत बसून होते.

"बाबा, तुम्ही आईवर हात उचलता का?"

पोस्टमास्तरांनी तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं. पण नाही कसं म्हणणार? हात तर त्यांचाच होता. हो म्हणावं तर ती जे विचारत होती त्याचं उत्तर हो नव्हतं. ते नुसते बघत राहिले, आणि आपलं गप्प बसणं मुलीच्या चेहऱ्यावर कसं उमटतंय तेही त्यांना दिसत राहिलं.

"अगं, पडले मी," आई आतून म्हणाली.

"आई, माझ्या वर्गातली पोरंही मला हेच सांगतात. अगदी ह्याच आवाजात." मुलगी दाराकडे वळली. "रविवारी गाडी घेऊन येते. तुझे कपडे भरून ठेव. तू माझ्याकडे येणार आहेस."

ती गेल्यावर बायको म्हणाली, "सांगून टाकू तिला."

"विश्वास ठेवेल?"

बायकोने डाव्या हाताने मशीनवरचं झाकण सारखं केलं. तिला आपल्या मुलीचा स्वभाव माहीत होता.

शनिवारी पोस्टमास्तर कामावर गेले, कारण घरी बसवेना. सिनेमा कुठला होता ते त्यांना नंतर सांगता आलं नसतं. साडेतीनच्या सुमाराला ते जिन्याच्या तोंडाशी तिकिटं घेऊन उभे होते तेव्हा एक बाई फलकासमोर थांबली. साठीच्या पुढची, आखूड केसांची, बोटांची टोकं पितळेच्या भुकटीने पिवळट झालेली. पोस्टमास्तर तिला तोंडओळखीने ओळखत होते. बसथांब्यामागे तिचं किल्ल्या बनवण्याचं एवढंसं दुकान होतं. तिने मागच्या आठवड्याचे अभिप्राय वरपासून खालपर्यंत वाचले. मग पुन्हा वरपासून वाचले. आणि वळून सरळ त्यांच्याकडे आली.

"माझा अभिप्राय का लावला नाहीत?"

पोस्टमास्तरांनी हातातली तिकिटं सारखी केली. "कुठला तुमचा?"

"बेकरीवाल्याचा. 'शेजारचा माणूस घोरला' हे लावलंत. 'बहार येईल' हे दहा वेळा लावलंत. लोकांना हसू आणतं ते सगळं लावलंत. मी काय वावगं लिहिलं होतं?"

"वावगं काहीच नव्हतं."

"मग अक्षर लागलं नाही म्हणा."

पोस्टमास्तरांनी कोटाच्या आत हात घातला. घडी घातलेलं कार्ड बाहेर काढलं आणि तिच्यासमोर धरलं. आठवडाभर अंगाशी राहून ते मऊ पडलं होतं. बाईने कार्डाकडे बघितलं, मग त्यांच्या हाताकडे, मग चेहऱ्याकडे. तिचा राग उतरताना त्यांना दिसला, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

"कधीपासून?" तिने हळूच विचारलं.

"पाच महिने."

"बायकोला लागलं?"

"मनगट."

तिकिटं फाडायला त्यांनी चिटणीसबाईंना सांगितलं आणि दोघं खालच्या जिन्याच्या पायऱ्यांवर बसली. किल्लीवाल्या बाईने सगळं विचारून घेतलं. पहाटेच होतं ना? स्वप्नात नेहमी कुणीतरी अंगावर येतं ना? जागं केलं की लगेच भान येतं ना, स्वप्न सांगता येतं ना? प्रत्येक प्रश्नाला पोस्टमास्तर मान हलवत गेले. आपल्या घरात ही बाई पडद्याआड उभी होती की काय असं त्यांना वाटायला लागलं.

"माझा नवरा गवंडी होता," ती म्हणाली. "हात असे दणकट. एका पहाटे त्याने माझे दोन दात पाडले. आम्ही सांगितलं, शिडीवरून पडले. दर वेळेला काहीतरी सांगत गेलो. त्याच्या बहिणीने त्याच्याशी बोलणं टाकलं. तो स्वतःलाच राक्षस समजायला लागला होता. शेवटी एका डॉक्टरणीने ओळखलं. गोळी सुरू झाली आणि महिनाभरात निम्म्याने कमी झालं. सात वर्षं फुकट गेली."

"तुम्ही लिहिलंय, उशीर केला. उशीर केल्याने काय झालं?"

वरून कुणीतरी पोस्टमास्तरांना हाक मारली. ते उठले नाहीत.

"खरं सांगू की बरं वाटेल ते सांगू?"

"खरं सांगा."

"पुढे त्याला कंपवात झाला, हात कापायला लागले. पावलं बारीक पडायला लागली. डॉक्टरीण म्हणाली, हा झोपेचा आजार बऱ्याच जणांत त्या दुसऱ्या आजाराच्या आधी येतो. वर्षानुवर्षं आधी. सगळ्यांना तो होतोच असं नाही. उशीर केला म्हणून तो झाला, असंही नाही. पण आधी कळलं असतं तर ती सात वर्षं आम्ही एकमेकांना घाबरत काढली नसती. उशीर म्हणजे तो उशीर." तिने कार्ड त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं. "आणि एक करा. नुसतं सांगायला जाऊ नका. माणूस दिवसा इतका सज्जन दिसतो की कुणाला पटत नाही. मोबाईलवर त्याचं चित्रण करून न्या."

रविवारी मुलगी गाडी घेऊन आली. आईने कपडे भरले नव्हते. पोस्टमास्तर दारातच उभे होते आणि त्यांनी सगळं एका दमात सांगितलं, आठवड्याभरात पाठ केल्यासारखं. कुत्रा, भिंत, खांदा, ट्रक, कार्ड, किल्लीवाली बाई. मुलगी हात बांधून ऐकत होती. मधे तिने एकदा आईकडे बघितलं.

"विश्वास ठेव असं म्हणत नाही," पोस्टमास्तर म्हणाले. "आज इथे राहा. पहाटे खुर्ची टाकून बस आणि तुझ्या डोळ्यांनी बघ. माझं चित्रण कर. नाही काही झालं तर आईला घेऊन जा. मी अडवणार नाही."

ती राहिली. पहिल्या पहाटे काहीच झालं नाही. पोस्टमास्तर नुसते कण्हत होते. मुलीने उभ्या उभ्या चहा प्यायला आणि शाळेत गेली. पोस्टमास्तरांना वाटलं, संपलं. आयुष्यात पहिल्यांदा ते त्या गोष्टीची वाट बघत होते आणि ती आली नव्हती. सोमवारचा दिवस त्यांनी कसाबसा ढकलला. होऊ नये म्हणून भ्यायचं की होणार नाही म्हणून, हेच त्यांना समजेना.

मंगळवारी पहाटे झालं.

त्यांना जाग आली ती मुलीच्या हुंदक्याने. ते बाहेरच्या खोलीत जमिनीवर होते, अंथरूण लांब भिरकावलेलं, ओठाला रक्त. मुलगी दाराशी, भिंतीत घुसल्यासारखी उभी होती. तिच्या हातातला फोन अजून त्यांच्याकडे रोखलेला होता.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, तुमचे डोळे मिटलेले होते."

मग ती त्यांच्याजवळ येऊन बसली, पण बसण्याआधी एक क्षण थांबली. तो एक क्षण पोस्टमास्तरांनी पाहिला. तिला दोष देण्यासारखं त्यात काही नव्हतं.

चित्रण त्यांनी दवाखान्यात पहिल्यांदा पाहिलं. झोपेच्या आजारांच्या डॉक्टरणीने फोन टेबलावर उभा केला आणि विचारलं, "तुम्हाला बघायचंय का? नसेल तर बाहेर बसा." पोस्टमास्तर म्हणाले, बघतो.

एक मिनिट वीस सेकंदांचं होतं. एक म्हातारा जमिनीवर पडलेला. आधी बोटं वळवळतात. मग तो काहीतरी पुटपुटतो, कुणाला तरी बजावतो आहे असं. मग हात सुटतो. दोन, तीन, चार गुद्दे, हवेत, अंथरुणावर, स्वतःच्या तोंडावर. पाय झाडतो. आणि या सगळ्यात डोळे मिटलेले, चेहरा जवळजवळ शांत. ज्या दालनात लोक खो खो हसले होते त्या दालनात हा माणूस चितारून दाखवला असता तर याच्यावरही हसले असते. पोस्टमास्तरांना मात्र त्या म्हाताऱ्याची इतकी भीती वाटली की त्यांनी खुर्ची मागे सरकवली. बायकोने डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं. प्लास्टरमधला हात मांडीवर होता. या माणसाशेजारी ही बाई पाच महिने झोपली होती, हे त्यांच्या मनात आलं, आणि तिच्याकडे बघायचा धीर होईना.

"आपण झोपतो तेव्हा स्वप्न पडत असताना शरीर आपोआप कुलूपबंद होतं," डॉक्टरीण म्हणाली. "स्वप्नात पळालं तरी पाय हलत नाहीत. तुमचं ते कुलूप ढिलं झालंय. यात तुमच्या स्वभावाचा काही संबंध नाही. उलट, असल्या रुग्णांतले कितीतरी दिवसा अगदी मवाळ असतात."

मग कंपवाताच्या आधीच्या खुणा दिसतात का ते बघायला तिने वास नीट येतो का विचारलं. पोस्टमास्तर विचारात पडले. बायको म्हणाली, "मागच्या महिन्यात दूध करपून गेलं तरी ह्यांना पत्ता नव्हता." डॉक्टरणीने ते टिपून घेतलं. त्यांना चालायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, आणि एका कोऱ्या कागदावर एकच वाक्य पाच वेळा लिहायला सांगितलं. पोस्टमास्तरांनी लिहिलं. मग सवयीने कागद तिरका धरून स्वतःचं अक्षर वाचलं, आणि पहिल्या ओळीपेक्षा पाचवी ओळ बारीक आहे की नाही हे त्यांना, साऱ्या गावाची अक्षरं वाचणाऱ्याला, काही केल्या ठरवता येईना.

"आत्ता तरी ठीक आहे," डॉक्टरीण म्हणाली. "दर सहा महिन्यांनी याल. पुढे काय होईल ते मी आज सांगू शकत नाही, आणि कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. झोपेवर मात्र आजपासून औषध आहे."

अंगाला तारा लावून रात्रभर झोपेची तपासणी झाली, गोळी सुरू झाली. घरात खाटा बुटक्या केल्या, कोपऱ्यातलं काचेचं कपाट हलवलं. दोन आठवडे काही फरक दिसला नाही, मग हळूहळू दिसायला लागला. हात सुटायचा, पण महिन्यातून एकदा, तोही अर्धवट, एखादी माशी हाकलावी तसा. बायकोचं प्लास्टर निघालं. मनगट थोडं ताठ राहिलं आणि बारीक टाके घालताना ती अजून मधेच थांबून हात झटकते. मुलगी दर शुक्रवारी येते. त्या दिवशी जे विचारलं होतं त्याबद्दल ती एकदाही बोलली नाही, पण आल्यावर आधी बाबांसाठी चहा टाकते, मग आईशी बोलते.

ते कार्ड पोस्टमास्तरांनी टाइप करून फलकावर लावलं, महिन्याभराच्या उशिराने. चिटणीसबाईंनी विचारलं, "हा आत्ता कुठून आला? अक्षर लागलं नव्हतं का?"

"लागलं होतं," पोस्टमास्तर म्हणाले. "भीती वाटली होती."

त्या आणखी काही विचारतील म्हणून ते वाट बघत राहिले. बाईंनी चष्मा सारखा करून कार्ड पुन्हा वाचलं आणि त्याची एक टाचणी वाकडी होती ती सरळ केली.

किल्लीवाली बाई पुढच्या शनिवारी आली. फलकासमोर थांबली, वाचलं, आणि त्यांच्याकडे तिकीट फाडायला देत म्हणाली, "गेलात का?"

"गेलो."

"भीती गेली?"

"नाही. चहाचा कप धरला की आधी हाताकडे बघतो."

"ते चालायचंच," ती म्हणाली आणि आत जाऊन आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसली.

बाहेरच्या खोलीच्या दाराची कडी काढून टाकायची हा बायकोचा हट्ट होता आणि तो तिने पुरा केला. पोस्टमास्तरांना आतल्या खोलीत यावंच लागलं. पण खाटा दोन, आणि मधे पुरती ऐसपैस जागा, ही त्यांची अट. बायकोने मान्य केली. फक्त दर रविवारी झाडताना ती आपली खाट चार बोटं अलीकडे सरकवते, आणि सोमवारी ती बाजारात गेली की पोस्टमास्तर दोन बोटं पलीकडे लोटतात. यावर दोघांनी अजून एक शब्द काढलेला नाही. सध्या मधे एक माणूस तिरका होऊन जेमतेम जाईल एवढी जागा उरली आहे.